मर येण्याआधी ट्रायकोडर्मा: बियाण्यापासून रोपापर्यंत

रोपांनी माना टाकल्या की ट्रायकोडर्माची पिशवी आणायची आणि आठ दिवसांनी ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणायचे, असे बऱ्याच जणांचे होते. मर रोगाने सुकलेले झाड या भुकटीने उठत नाही. ती जिवंत बुरशी आहे. रोगाच्या आधी मुळांपाशी तिचे बस्तान बसले पाहिजे.

ती करते काय? जागा आणि अन्न आधी बळकावते. रायझोक्टोनियासारख्या रोगकारक बुरशीच्या धाग्यांना विळखा घालते आणि विकरांनी त्यांच्या पेशीभित्तिका विरघळवून आतला रस शोषते. हा परजीवीपणा रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्येच मांडला होता. शिवाय मुळांशी तिचा संबंध आला की झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. अशाच कामासाठी वापरला जाणारा सुडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू वेगळी युक्ती करतो: मातीतले लोह स्वतःकडे ओढून घेतो आणि रोगकारकांची उपासमार करतो.

पिशवी घेताना आधी अंतिम मुदत पाहा. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत पडून राहिलेली भुकटी मुदतीत असली तरी तिचा भरवसा धरू नका.

बीजप्रक्रिया. सर्वात कमी खर्चाचे आणि माझ्या मते सर्वात मोलाचे काम. एक किलो बियाण्यावर थोडे पाणी शिंपडा, 4 ते 5 ग्रॅम भुकटी टाकून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. लेबलवर वेगळी मात्रा असेल तर तीच घ्या. रायझोबियम (कडधान्यांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) लावायचे असेल तर ते शेवटी.

शेणखतात वाढवणे. नुसती भुकटी जमिनीवर फेकली तर बरीचशी वाया जाते, कारण तिला खायला सेंद्रिय पदार्थ हवा. चांगल्या कुजलेल्या 100 किलो शेणखतात 1 किलो भुकटी मिसळा. ओल एवढी हवी, की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. ढीग सावलीत ठेवून ओल्या गोणपाटाने झाका आणि दर तीन-चार दिवसांनी उलटापालटा करा. साधारण आठ ते पंधरा दिवसांत हिरवट-पांढरी वाढ दिसू लागली की खत तयार झाले. ताजे, अजून गरम असलेले शेण मात्र वापरू नका. त्या उष्णतेत बुरशी टिकत नाही. हे खत वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, मुळांच्या पट्ट्यात मिसळा. कोरड्या मातीत घालून उपयोग नाही.

रोपांची मुळे बुडवणे. एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम भुकटी कालवून मुळे वीसेक मिनिटे बुडवा आणि संध्याकाळी लावा. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी असेल तर ते आदल्या रात्री उघडे ठेवा.

ताम्रयुक्त किंवा कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा एकाच टाकीत कधीच नको. मातीत असे औषध घातले असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. पाणी साचणाऱ्या जमिनीत मूळकूज येत असेल तर आधी चर काढा. विषाणूजन्य रोगांवर तर ही बुरशी वापरूच नका.

आणि जवळपास अळिंबीची (मशरूमची) लागवड असेल तर ही पिशवी तिकडे फिरकूही देऊ नका. तिथे ट्रायकोडर्माच्याच काही जाती हिरव्या बुरशीचा रोग आणतात.