परग्रहावरचं स्थळ: माणूस-एलियन प्रेमकादंबऱ्या वाचायच्या कशा

या कादंबऱ्या पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण विज्ञानकथा समजून पुस्तक उघडतात आणि सात फुटी, निळ्या कातडीचा, शेपूटवाला नायक आला की हसून मिटतात. बाकीचे प्रेमकथा म्हणून वाचतात. ग्रह, हवा, गुरुत्वाकर्षण हे सगळं चाळत पुढे पळतात आणि शंभराव्या पानावर या दोघांचं नेमकं अडलंय कुठे, हेच त्यांना कळेनासं होतं. या प्रकारात जिथे अडतं तिथेच गोष्ट असते, आणि ते अडणं परग्रहामुळे असावं लागतं.

म्हणून पहिली परीक्षा सोपी आहे. त्या एलियनला उचलून बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी घोडबंदर रोडच्या टॉवरमधला, आयटीतला, चांगल्या पगाराचा मुलगा बसवा. गोष्ट तशीच चालली, फक्त कातडीचा रंग बदलला, तर लेखकाने नुसतं रंगकाम केलंय. दोघांची भाषा, शरीर, आयुष्याची लांबी, घराची कल्पना यांपैकी एखादी गोष्ट आड येत असेल आणि ती आड आल्यामुळेच ते जवळ येत असतील, तर पुस्तक पुढे वाचा.

ही परीक्षा विकत घेण्याआधीच करता येते. ई-पुस्तकाचा फुकट नमुना मिळतो, बहुतेक वेळा पहिल्या दहा टक्क्यांचा. ३०० पानांच्या कादंबरीत ती ३० पानं झाली, आणि तेवढी पुरतात. त्यात तीन गोष्टी बघायच्या. आशयाची सूचना, म्हणजे आत हिंसा, बळजबरी असं काय आहे याचा इशारा, दिलाय का? ती असली तर अगदी सुरुवातीला असते. पण किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, पुस्तक थेट पहिल्या प्रकरणावर उघडतं, त्यामुळे ती नजरेतून सुटते. मागे सरकवून बघा. मग निवेदन कोणाचं आहे ते. या प्रकारात एक प्रकरण तिचं, एक त्याचं अशी पद्धत फार चालते. एलियनच्या प्रकरणातही तो आपल्यासारखाच विचार करत असेल, त्याला घड्याळातली मिनिटं आणि घसा बसणं ठाऊक असेल, तर लेखकाने मेहनत घेतलेली नाही. तिसरं म्हणजे दोघं एकमेकांचं बोलणं कसं समजतात. कानात चिप घातली आणि दोन ओळींत प्रश्न मिटवला, तर हातातला सगळ्यात चांगला माल लेखकाने फेकून दिला. नाव घेताना घेतलेला उखाणा त्या चिपने भाषांतरित करून दाखवावा! अर्थ पोचेल, पण यमक जाईल, आणि सगळे का हसले ते कळणार नाही. चांगल्या कादंबऱ्या नेमक्या या फटीत राहतात.

आता मिळवण्याचं. या प्रकारातली बरीच पुस्तकं लेखिका स्वतःच प्रकाशित करतात आणि किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं उसनी वाचायच्या ॲमेझॉनच्या योजनेत, ठेवतात. तिथे ठेवलेलं ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीत दुसऱ्या कुठल्याही ई-दुकानात विकता येत नाही, आणि ही मुदत पुढे वाढवत नेता येते. म्हणून एखादं नाव दुसरीकडे सापडलं नाही तर आपलं शोधणं चुकलंय असं समजू नका. आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. जुलै २०१५पासून तिथे लेखकाला पैसे मिळतात ते वाचल्या गेलेल्या पानांवर. मालिका वीस-वीस भागांच्या का होतात आणि प्रकरण ऐन कड्यावर का संपतं, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे. सदस्यत्व बंद केलं की उसनी पुस्तकंही परत जातात. अर्धवट राहिलेलं आधी संपवा, मग बंद करा.

वेळेचा हिशेब असा. साधारण ८५ हजार शब्दांची कादंबरी मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने सात तासांत होते. इंग्रजी वाचायची रोजची सवय नसेल तर १५० धरा, म्हणजे साडेनऊ तास. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलने जाण्यायेण्याचा मिळून तासभर होतो, म्हणजे ऑफिसचे दोन आठवडे. ठाण्याला गाडी नऊ-दहा नंबरच्या फलाटावरूनच सुरू होते. त्यामुळे थोडं आधी पोचलं तर बसायला मिळतं, आणि बसायला मिळालं तरच हे पुस्तक काढा. उभ्याने, एका हाताने कडी धरून नवीन ग्रहाची नावं डोक्यात शिरत नाहीत. तेव्हा झालेलं प्रकरण पुन्हा चाळावं. पुस्तक घरच्या वायफायवर उतरवून घ्या, गाडीत रेंजच्या भरवशावर राहू नका.

मुखपृष्ठाचा प्रश्न खरा आहे. उघड्या छातीचा, शिंगवाला गडी पाठीमागून तीन जणींनी बघितला की वाचणं संपतं. किंडलवर लॉक स्क्रीनवर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये बंद करा. फोनवरच्या ॲपमध्ये चित्रांची मांडणी बदलून यादी करा. अक्षर एक पायरी लहान ठेवलं तर शेजारच्याला वाचता येत नाही. घरात एकच खातं मुलंही वापरत असतील तर मात्र हे उपाय पुरणार नाहीत. ही पुस्तकं मोठ्यांची आहेत. वेगळं खातं काढा.

तिखटाचं, म्हणजे शय्यादृश्यं किती उघडी आहेत याचं, माप बघून घ्या. वाचक एक ते पाच मिरच्या देतात, पण या मिरच्यांना प्रमाण नाही. कोल्हापुरी माणसाचं मध्यम तिखट आणि पुण्यातलं मध्यम तिखट यांत जेवढा फरक, तेवढा इथेही आहे. एका मिरचीच्या आकड्यापेक्षा तीन-चार अभिप्रायांत नेमकं काय लिहिलंय ते वाचा. संमतीचा प्रश्न याहून महत्त्वाचा. लग्नगाठी स्वर्गात बांधलेल्या असतात ही कल्पना या कादंबऱ्यांत शरीरात उतरते. त्याच्या रक्ताने, वासाने किंवा छातीतल्या कंपनाने आधीच ठरवलेलं असतं की हीच ती. मग तिला नाही म्हणता येतं का? ती पहिल्यांदा नाही म्हणते ते पान नोंदवा आणि पुढच्या दहा पानांत त्या 'नाही'चं काय झालं ते बघा. तो थांबला, तर लेखिकेला आपण काय लिहितोय ते कळतंय. तिचा नकार लेखिकेने 'लाजणं' म्हणून खपवला, तर पुस्तक तिथेच मिटायला हरकत नाही.

वही कामाची आहे, पण एकच पान. वर ग्रहाचं नाव, खाली पात्रं. नावं देवनागरीत लिहा. इंग्रजीत ही नावं मधे लटकवलेल्या स्वल्पविरामासारख्या चिन्हांनी भरलेली असतात. ती बरेचदा शोभेचीच असतात, आणि डोळा तिथे अडखळतो. एकदा देवनागरीत उच्चार ठरवला की पुस्तकभर तोच. पुढे घराण्याचे दोन-तीन नियम लिहा: काय खातात, कोणाला स्पर्श करायचा नाही, नाव कधी घ्यायचं नाही. नव्या सुनेला सासरी कुठला डबा कुठे, कोणाच्या ताटात आधी वाढायचं हे जसं पहिल्या महिन्यात टिपावं लागतं, तसंच हे आहे. मराठी वाचकाला ही सवय आयतीच असते.

आता जिथे मराठीचा खरा फायदा होतो तिथे येऊ. इंग्रजीतलं 'यू' एकच असतं. आपल्याकडे तू, तुम्ही आणि अहो. समजा तो मोहिमेवरून परततो आणि ती इंग्रजीत चारच शब्द बोलते, की तू परत आलास. हे मनात मराठीत म्हणून बघा. 'आलात परत?' हे पाहुण्याला. 'आलास होय परत!' यात राग आहे आणि हक्कही आहे. 'आलात का हो?' म्हटलं तर संसार सुरू झाला. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोघांचं एकेक वाक्य असं मराठीत करा आणि तुम्हीवरून तू नक्की कुठल्या पानावर आलं ते खूण करून ठेवा. खूण करता आली नाही, दोघं पहिल्यापासूनच तू-तू करत असतील किंवा शेवटपर्यंत तुम्हीच राहिलं असेल, तर त्या कादंबरीतलं प्रेम कुठेतरी कच्चं राहिलंय. ही कसोटी सहसा चुकत नाही.

दुसरी गंमत क्रियापदाची. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६९च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये गेथेन ग्रहावरच्या लोकांना कायमचं लिंग नाही, महिन्यातल्या थोड्या दिवसांपुरतं येतं. इंग्रजीत लेखिकेने सगळ्यांना 'ही' म्हणजे 'तो' म्हटलं आणि त्यावरून पुढे बरीच चर्चा झाली. मराठीत मैत्रिणीला हीच गोष्ट सांगायला बसा. 'आला' की 'आली' की 'आलं'? क्रियापद सोडतच नाही. 'ते आले' म्हटलं तर आदर आला आणि अंतरही आलं. एक प्रकरण अशा रीतीने तोंडी सांगून बघा. लेखिकेला काय सांगायचं होतं ते समीक्षा वाचून कळणार नाही इतकं त्यातून कळतं. मात्र ही रूढ अर्थाची प्रेमकादंबरी नाही. रोमान्स म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकात शेवट सुखाचा असणं हा अलिखित करार असतो, इथे तसा करार नाही. तो धरून बसलात तर घोर निराशा होईल.

विज्ञानाबाबत कुठे कडक राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे ठरवून घ्या. प्रकाशापेक्षा वेगवान यान सोडून द्या, ती या खेळाची फी आहे. पण तसं वेगवान यान नाही असं सांगितलं असेल तर अंतराचा हिशेब मागा. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशालाही तिथून यायला सव्वाचार वर्षं लागतात. तिथून आलेल्या पत्राला उत्तर पाठवलं तर प्रश्न आणि उत्तर यांत साडेआठ वर्षं जातात. विरहाची गोष्ट लिहायला याहून चांगली सोय नाही, आणि ती न वापरणारा लेखक आळशी. जेवणाकडेही लक्ष द्या. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांची डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं असतात, आणि पृथ्वीवरच्या सजीवांत ती डाव्या हाताची असतात. त्यांच्या ग्रहावर ती उजव्या हाताची असली तर तिथलं मांस खाऊन पोट भरेल, अंगी लागणार नाही.

मुलं होतात तिथे बहुतेक पुस्तकं घसरतात. माणूस आणि चिंपांझी एवढे जवळचे, तरी त्यांचा संकर होत नाही, मग दुसऱ्या ग्रहाचं काय? जाणते लेखक यातून वाट काढतात. एडगर राइस बरोज यांनी १९१२मध्ये मंगळाची गोष्ट ('अ प्रिन्सेस ऑफ मार्स') प्रसिद्ध केली तेव्हा नायिका अंडं घालते असं दाखवून विषय मिटवला; कादंबरीच्या शेवटी ते अंडं राजवाड्याच्या गच्चीवर उबवणीत आहे. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९८७च्या 'डॉन'मध्ये परग्रहवासीच जनुकांचे व्यापारी आहेत, त्यांच्यातले तिसऱ्या लिंगाचे जीव हे काम करतात, आणि त्यात माणसाची संमती किती खरी हा प्रश्न वाचकाला सुखाने बसू देत नाही. रूबी डिक्सन यांच्या २०१५च्या 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स'मध्ये बर्फाळ ग्रहावर जगायचं तर शरीरात एक सहजीवी घ्यावा लागतो आणि जोडीही तोच ठरवतो. शास्त्र म्हणून हे लंगडं आहे. पण हवा, जीव आणि लग्न तिन्ही एकाच खिळ्याला टांगल्यामुळे गोष्ट उभी राहते.

क्रम विचाराल तर हलकं आधी. डिक्सन यांचा पहिला भाग, मग मधे काहीतरी वेगळं, मग बटलर, आणि ले ग्विन सगळ्यात शेवटी. एकाच मालिकेचे पाच भाग सलग वाचू नका. तिसऱ्या भागात भांडण कुठे होणार ते पानासकट सांगता यायला लागतं, कारण तीन-चतुर्थांश पुस्तक झालं की ताटातूट व्हायची ही इथली ठरलेली वेळ आहे. मालिकेत मधे येणाऱ्या लघुकादंबऱ्या बरेचदा क्रमांकात धरलेल्या नसतात. लेखिकेने दिलेला वाचनक्रम आधी बघा, नाहीतर आठव्या भागात अचानक कोणाचं तरी बाळ रांगताना दिसतं. बरोज यांचं पुस्तक आता स्वामित्वहक्कातून मोकळं आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातली भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि वंशाबद्दलची मतंही तेव्हाचीच.

छापील मराठी हवं असेल तर हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. पण इंग्रजी पुस्तकातल्या शास्त्राशी झगडावं लागत असेल, तर १८९३ सालच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयात विज्ञानकथांचं कपाट विचारा. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांतलं कोणाचंही एक पुस्तक आधी वाचलं की प्रकाशवर्ष, कृष्णविवर, गुरुत्वाकर्षण हे शब्द मराठीत पक्के होतात. मग इंग्रजी परिच्छेदात शब्दकोश उघडण्यासाठी बोट दाबून धरावं लागतं ते फक्त एलियनच्या अवयवांसाठी, आणि त्यातले निम्मे शब्द शब्दकोशात नसतातच.