ग्लासगोच्या दाखल्यातून आयर्लंडच्या वाडीपर्यंत

माझ्या सासरची माणसं आयर्लंडातून ग्लासगोला आली, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. डोनेगल की मेयो, कुणालाच सांगता येत नव्हतं. मी मिरजेची, गावाचं नाव माहीत नसलेलं घराणं मला बघवेना, म्हणून मी शोध अंगावर घेतला. आता ओळखीचे लोक विचारतात, आयरिश पूर्वज शोधायचा तर सुरुवात डब्लिनपासून ना? नाही. माणूस स्कॉटलंडमध्ये येऊन राहिला असेल, तर आधी स्कॉटलंडचा प्रत्येक कागद काढा.

त्याला कारण आहे. स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. तिथल्या मृत्यूनोंदीत मृताच्या आई-वडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे 1870 साली ग्लासगोत सत्तर वर्षांचा आयरिश मजूर वारला असेल, तर अठराव्या शतकात जन्मलेल्या त्याच्या आई-वडिलांची नावं त्या एका ओळीत हाती लागतात. आयर्लंडच्या त्या काळच्या मृत्यूनोंदीत हा रकानाच नव्हता.

या नोंदी स्कॉटलंड्स पीपल या वेबसाइटवर आहेत. ती एडिंबरोचं सरकारी अभिलेखागार चालवतं. सूची चाळणं फुकट आहे, मूळ पान उघडायला पैसे पडतात. म्हणून वय, वर्ष, जिल्हा आधी सूचीतच ताडून घ्या. शंभर वर्षांच्या आतले जन्म, पंचाहत्तरच्या आतली लग्नं आणि पन्नासच्या आतले मृत्यू यांची पानं ऑनलाइन दिसत नाहीत. तेवढा भाग घरच्या कागदांवर आणि मोठ्या माणसांच्या आठवणींवर भरून काढा. मग एकेक पिढी मागे जा, मधली गाळू नका.

पान उघडलं की मृत्यूची खबर देणाऱ्याचा रकाना आधी वाचा. तिथे त्याची सही आणि मृताशी नातं असतं. आमच्या एका नोंदीत सहीच्या जागी फुली होती आणि नातं होतं जावई. जावयाला बायकोच्या आजीचं माहेरचं आडनाव नक्की ठाऊक असेलच असं नाही. त्यामुळे सख्ख्या भावंडांच्याही मृत्यूनोंदी काढल्या. वेगवेगळ्या माणसांनी दिलेल्या खबरींत तेच आडनाव आलं, तेव्हा कुठे मी ते वहीत पक्कं केलं. घराण्यातली एखादी नोंद नेमकी 1855 ची निघाली तर सोनंच: त्या एका वर्षी पालकांचं वय, जन्मस्थान, आधीची मुलं असा कितीतरी जास्त तपशील विचारला जायचा. एवढं लिहिणं कारकुनांना झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी झाले.

स्कॉटलंडच्या जनगणनेत मात्र जन्मस्थान म्हणून बहुतेकदा नुसतं ‘आयर्लंड’ येतं. त्याच्या पलीकडे जायचं तर ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत गरिबांच्या मदतीचे अर्ज बघा. ते 1851 पासूनचे आहेत. पाच वर्षं वास्तव्य करून पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या स्थानिक विभागात, मदतीचा हक्क मिळवला नसेल, तर आयरिश माणसाला परत धाडता येत असे. म्हणून अधिकारी जन्मगाव, आई-वडील, मुलंबाळं सगळं खोदून विचारत. हे अर्ज वाचताना जीव गलबलतो, पण गावाचं नाव मिळण्याची सगळ्यात जास्त आशा इथेच असते.

आता समुद्र ओलांडा. आयर्लंडात काउंटी म्हणजे जिल्हा, तिच्यात पॅरिश आणि पॅरिशमध्ये टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा. साठ हजारांच्या वर आहेत आणि एकेका नावाच्या अनेक. तिथलं सगळं जळालं असं म्हणतात, तेही खरं नाही. 30 जून 1922 ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं अभिलेखागार भस्मसात झालं, त्यात 1821 ते 1851 च्या जनगणना जवळजवळ संपल्या. पुढच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. पण 1901 आणि 1911 च्या शाबूत आहेत, फुकट बघता येतात. 1864 पासूनच्या सर्वधर्मीय सरकारी नोंदी आणि बहुतेक कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नांच्या वह्याही बचावल्या. त्या वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर आहेत. नोंदी बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, तेव्हा जेम्स शोधताना जेकोबस बघा आणि विल्यमसाठी गुलिएल्मस. आडनावाआधीचं ‘ओ’ कधी असतं, कधी नसतं. दोन्ही तऱ्हेने शोधा.

गाव अजूनही सापडलं नसेल, तर आईचं माहेरचं आडनाव इथे कामी येतं. 1847 ते 1864 मध्ये झालेल्या ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या सरकारी मूल्यांकनात, टाउनलँडवार कुळांची आणि जमीनमालकांची नावं आहेत. नुसतं गॅलाहर शोधलंत तर डोनेगलभर गॅलाहर निघतील. वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं एकाच पॅरिशमध्ये कुठे येतात ते बघा. यादी एकदम आखूड होते, आणि मग त्याच पॅरिशची चर्चची वही धरायची. डोनेगलमधल्या अनेक पॅरिशच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच सुरू होतात. तुमच्या माणसाचा बाप्तिस्मा त्यात नसेल, तर मागे राहिलेल्या भावा-बहिणींच्या मुलांचे शोधा.

1901 आणि 1911 मधली वयं जुळली नाहीत तर दचकू नका. 1909 पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली, आणि अनेकजण दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झाले. वय सिद्ध करायला लोकांनी 1841 आणि 1851 च्या जनगणनेतून उतारे मागवले होते. ते मागणीअर्ज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शिल्लक आहेत, आणि जळालेल्या जनगणनेतली कुटुंबंच्या कुटुंबं त्यांत सापडतात.

टाउनलँड पक्कं झालं की व्हॅल्युएशनच्या पुढच्या दुरुस्ती-वह्या बघा. जुन्या कुळाचं नाव खोडून नवं लिहिलेलं असतं, शाईचा रंग बदलत जातो आणि शेजारी वर्ष असतं. जमीन बापाकडून मुलाकडे, मग पुतण्याकडे कशी गेली ते त्यातून कळतं. शेवटच्या नावाचं कुणी आजही तिथे राहत असेल, तर पत्र लिहा. पत्रात नुसतं ‘आपण नातेवाईक आहोत’ एवढंच नको. टाउनलँड, दोन्ही आडनावं आणि घर सोडल्याचं अंदाजे साल घाला, म्हणजे त्यांनाही आपल्या कागदांत शोधता येईल.