रोलर ब्लाइंड लावताय? या चुका टाळा (आणि आधी स्टूलवर चढा)

घरात ड्रिल मशीन असलेल्या माणसाला सोसायटीत दोनच फोन येतात. सकाळी "जरा मशीन मिळेल का?" आणि संध्याकाळी "जरा येऊन बघता का?" पडदे काढून रोलर ब्लाइंड (साखळी ओढली की नळीवर गुंडाळला जाणारा कापडी पडदा) लावायची टूम निघाल्यापासून संध्याकाळचे फोन फारच वाढलेत. जाऊन बघावं तर चुका त्याच त्या. काम तसं किरकोळ आहे, दोन ब्रॅकेट, चार स्क्रू आणि एक नळी. किरकोळ आहे म्हणूनच कोणी ते धड करत नाही.

माप

सगळ्यात महाग चूक ही. ब्लाइंड तुमच्या मापावर कापून येतो, आणि कापलेला माल दुकानदार सहसा परत घेत नाही.

माझ्या मेव्हण्याचा वाकडमधला फ्लॅट. बेडरूमच्या खिडकीला ग्रॅनाइटची चौकट, आणि ब्लाइंड चौकटीच्या आत हवा होता. साहेबांनी टेप धरली ती खाली कट्ट्यापाशी, कारण हात तिथे पोचतो. १२०६ मिलिमीटर. स्टूल स्वयंपाकघरात होतं, कोण आणणार? "बिल्डरने बसवलेली खिडकी आहे, वर काय वेगळी असणार?" वर ती ११९७ होती. गवंड्याने एक उभी पट्टी ओळंब्यात बसवली नव्हती. नऊ मिलिमीटर म्हणजे जेमतेम तीन सूत, नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. याने ऑर्डर दिली १२०२ ची. ब्रॅकेट लागतात वर, आणि वर ब्लाइंड जाईना.

इथे शहाण्या माणसाने ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, वरच्या भिंतीवर लावला असता. याने हॅक्सॉ काढली. नळी अ‍ॅल्युमिनियमची, ती कापली गेली. कापड शिवणाच्या कात्रीने कापलं, तेही जमिनीवर पसरून, अंदाजाने. कड अशी आली की नळीवर गुंडाळताना कापड एका बाजूला सरकायचं आणि सुटलेले धागे ब्रॅकेटमध्ये अडकायचे. मग मला फोन. मी काय करणार? कापलेलं कापड जोडता येत नाही. दुसऱ्या बेडरूमचं माप तर घेतलंच नव्हतं. "सेम खिडकी" म्हणून तोच आकडा लिहिला होता. ती नशिबाने वर रुंद निघाली, त्यामुळे ब्लाइंड बसला. मेव्हणा अजून त्या खिडकीचं उदाहरण देतो.

तेव्हा माप घेताना रुंदी तीन ठिकाणी बघायची, वर, मध्ये आणि खाली. त्यातली सगळ्यात कमी ती खरी. उंची दोन्ही कडांना. प्रत्येक खिडकीची वेगळी, शेजारी-शेजारी असली तरी. सुताराशी बोलताना इंच आणि सूत ठीक आहे, ऑर्डर मात्र मिलिमीटरमध्येच लिहायची. आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाज करू नका. टेपच्या डबीची लांबी बहुतेक वेळा डबीवरच छापलेली असते. डबी भिंतीला टेकवा आणि ती लांबी मिळवा. आणि टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून तो हातोडीने ठोकून घट्ट करणारे महाभाग मी पाहिलेत. तो मुद्दाम सैल असतो. हुकाच्या जाडीइतका तो मागेपुढे होतो, त्यामुळे टेकवून घेतलेलं आणि अडकवून घेतलेलं माप सारखं येतं.

ऑर्डर देताना एक स्पष्ट सांगा: दिलेलं माप खिडकीच्या गाळ्याचं आहे की तयार ब्लाइंडचं. गाळ्याचं सांगितलं तर कापणारा स्वतःच थोडी सूट सोडतो. तुम्हीही आधीच सूट वजा करून ठेवली असेल, तर ब्लाइंड दुहेरी बारीक होऊन येतो.

"ब्लॅकआउट घेतला, तरी उजेड येतो"

येणारच. ब्रॅकेट आणि साखळीच्या यंत्रणेला जागा लागते, म्हणून कापड पूर्ण रुंदीपेक्षा साधारण तीन-चार सेंटिमीटर कमी असतं. चौकटीच्या आत लावलात की दोन्ही कडांना उजेडाची पट्टी दिसते, कापड कितीही भारी असो. काळोखच हवा असेल तर चौकटीच्या बाहेर, भिंतीवर लावा आणि दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त घ्या.

चौकटीची खोलीही बघा. मच्छरजाळीसकट तीन ट्रॅकची स्लायडिंग असली की आत जागाच उरत नाही. खिडकीचा हँडल पुढे येत असेल तर कापड नळीच्या पुढच्या बाजूने सोडा, मागून सोडलं तर ते रोज हँडलवर घासणार.

भोक

ही माझी दुसरी दुखरी नस. ब्लाइंडसोबत येणारे इंचभर स्क्रू मी कधी वापरत नाही. भिंतीचा आतला गिलावा बारा ते पंधरा मिलिमीटर जाड असतो, कुठे त्याहून जास्तही. म्हणजे स्क्रूची निम्मी पकड नुसत्या गिलाव्यात, आणि जिप्समचा असेल तर तो खडूसारखा भुगा होतो. फोटोफ्रेम त्यावर जन्मभर टिकेल. ब्लाइंडची साखळी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ ओढली जाते. महिन्याभरात साखळीच्या बाजूचा ब्रॅकेट मान टाकतो. मग त्या भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबायच्या, स्क्रू परत पिळायचा आणि पुढच्या महिन्यात परत मला फोन. काड्या भरलेलं भोक दिसलं की माझं डोकं फिरतं.

मी सहा मिलिमीटरचं बिट, सहाचाच प्लास्टिक प्लग आणि ३५ बाय ८ चे (३५ मिलिमीटर लांब, ८ नंबर जाडीचे) स्क्रू घेतो. बिटावर चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करतो. भोकातली धूळ फुंकून काढतो (डोळे मिटून), आणि प्लग गिलाव्याच्या पार, विटेत जाईपर्यंत आत ढकलतो. भोक आधीच मोठं झालं असेल तर आठचं बिट, आठचा प्लग आणि त्याला साजेसा जाड स्क्रू.

पण आधी भिंत कशाची आहे ते ओळखा. खिडकीच्या डोक्यावर बहुधा काँक्रीटचं लिंटेल (आडवी तुळई) असतं. तिथे साधं ड्रिल नुसता धूर काढतं, हॅमर (ड्रिलचा ठोके देणारा मोड) लागतोच. मायवान पद्धतीच्या (साच्यात ओतून बांधलेल्या) नव्या टॉवरमध्ये बहुतेक सगळ्या भिंती काँक्रीटच्या. इंचभर आत जाऊन बिट अचानक अडलं आणि किंचाळायला लागलं तर सळई लागली आहे. जोर लावू नका, ब्रॅकेट दीड-दोन इंच सरकवा. उलट सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवा, नाहीतर सहाच्या बिटाने बाराचं भोक पडतं. तिथे प्लगही लांब लागतो. ग्रॅनाइटमध्ये हॅमर अजिबात नाही. स्विचबोर्डच्या किंवा एसीच्या पॉइंटच्या सरळ रेषेत वर, खाली, बाजूला भोक पाडायचं नाही, आत वायरचा पाइप असतो. आणि पावसाळ्यात जिथे ओल येते, तिथे आधी गळती थांबवा.

कापड एका बाजूला सरकतं

लोक आधी कंपनीला शिव्या घालतात. आधी लेव्हल लावा, नळीवर, छतावर नव्हे. पीओपीचं छत समपातळीत असतं हा निव्वळ भ्रम आहे, त्यावरून मापून ब्रॅकेट लावले तर ब्लाइंडही तसाच तिरका. ब्रॅकेट सरळ असूनही कापड सरकत असेल, तर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा म्हणजे नळी दिसेल. कापड डावीकडे सरकत असेल तर नळीच्या उजव्या टोकाला मास्किंग टेपचा इंचभर तुकडा लावा, उजवीकडे सरकत असेल तर डाव्या. गुंडाळून बघा, कमी पडलं तर त्यावर अजून एक तुकडा. एका दमात पाच थर चढवणाऱ्यांचं कापड दुसऱ्या बाजूला पळतं.

बाकी किरकोळ. ब्लाइंड चढवल्यावर ब्रॅकेटची पिन खटकन बसली का ते हाताने हलवून बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. साखळीवरचा स्टॉपर काढून टाकू नका, तोच खालची पट्टी नळीत गुंडाळली जाण्यापासून वाचवतो. पंखा चालू ठेवून कापड मोजू नका.

साखळी

बॉक्समध्ये एक छोटी प्लास्टिकची क्लिप उरते आणि लोक ती "एक्स्ट्रा पार्ट" म्हणून स्क्रूंच्या डब्यात टाकतात. ती साखळी भिंतीला ताणून धरायची क्लिप आहे. मोकळी लोंबणारी साखळी म्हणजे लहान मुलाच्या गळ्याभोवती बसणारा फास, आणि असे मृत्यू झालेत. ब्रिटनमध्ये तर मुलं असतील अशा घरात साखळीचं टोक जमिनीपासून किमान दीड मीटर वर असावं असा दंडक आहे. आपल्याकडे हे कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो: क्लिप कुठे आहे? ब्लाइंड लागला की त्याच दिवशी, मशीन हातात असतानाच, साखळी ताणून क्लिप भिंतीत स्क्रूने बसवा, डबल टेपने नाही. पलंग किंवा पाळणा त्या खिडकीखाली असेल तर तो दुसऱ्या भिंतीला न्या. क्लिप हरवली असेल तर ती दुकानात सुटी मिळते.