सामूहिक वनहक्काचा दावा: ग्रामसभेने काय करावे

ज्या जंगलातून गाव पिढ्यान्‌पिढ्या सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणि बांबू आणत आले, त्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क 2006च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला आणि 2011 साली बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. दावा करू इच्छिणाऱ्या इतर गावांसाठी ही वाट आता मळलेली आहे. मात्र कागद ढिले राहिले, तर दावा वर्षानुवर्षे पडून राहतो.

प्रथम ग्रामसभा बोलावून 10 ते 15 सदस्यांची वनहक्क समिती निवडावी. तिच्यात किमान एकतृतीयांश महिला असाव्यात आणि गावात आदिवासी असल्यास दोनतृतीयांश सदस्य आदिवासी असावेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी, तिचे निम्मे सभासद हजर असणे आवश्यक असते आणि उपस्थितांपैकी एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. त्यामुळे सभेची वेळ विचारपूर्वक ठरवावी. मोहफुलांच्या हंगामात सकाळची सभा ठेवली, तर ज्या महिला जंगल सर्वांत जवळून ओळखतात, त्याच रानात असतील.

यापुढचे हद्दफेरीचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी सवड काढावीच. गावातील जाणत्या वृद्धांना, गुराख्यांना आणि वनोपज गोळा करणाऱ्या महिलांना सोबत घेऊन पारंपरिक हद्दीवरून प्रत्यक्ष चालावे. वाटेत लागणारे नाले, पाणवठे, देवस्थाने, गुरे बसवण्याच्या जागा आणि जुनी दफनस्थळे नकाशावर दाखवावीत व वनखात्याचे कक्ष क्रमांकही (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागांचे क्रमांक) त्याच वेळी टिपून घ्यावेत. शेजारच्या गावाच्या समितीला आधीच पत्र देऊन सामाईक हद्दीवर बोलवावे आणि दोन्ही गावे एकाच भागात जात असतील, तर संयुक्त बैठकीत तोडगा काढून तो लेखी करावा. शेजाऱ्यांशी इथे झालेला समजुतीचा व्यवहार पुढच्या अनेक तक्रारी टाळतो.

पुरावे एकाहून अधिक जोडावे लागतात. निस्तारपत्रक (सरपण, चराई अशा गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची सरकारी नोंद), जुने महसुली अभिलेख, वनखात्याच्या कार्य आयोजना (जंगल व्यवस्थापनाचे आराखडे) आणि गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) उपयोगी पडतात. वृद्धांचा लेखी जबाबही कायद्याने ग्राह्य आहे. तथापि, ‘आम्ही पूर्वीपासून जंगलात जातो’ असे मोघम वाक्य पुरेसे मानू नये. कोणत्या नाल्यापलीकडून, कोणत्या महिन्यात, कोणती वस्तू आणली जाते, हे जबाबात स्पष्ट यावे. सामूहिक वापराच्या हक्कांचा अर्ज आणि सामूहिक वनसंपत्तीचा अर्ज हे दोन स्वतंत्र नमुने आहेत. व्यवस्थापनाचा हक्क दुसऱ्या नमुन्यातून मागितला जातो, म्हणून तो भरायचा राहू देऊ नये.

स्थळ पडताळणीची तारीख वन आणि महसूल विभागांना लेखी कळवून पोच घ्यावी. त्यांचे प्रतिनिधी आले नाहीत आणि नंतर त्या विभागांनी पुराव्यावर आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. त्या वेळीही ते गैरहजर राहिले, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. ही पोच म्हणूनच दाव्याइतकीच जपावी. त्यानंतर ठरावासह दावा उपविभागस्तरीय समितीकडे जातो आणि अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. उपविभागस्तरीय समितीचा निर्णय मान्य नसल्यास 60 दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते.

हक्कपत्र हाती येताच ते दाव्याच्या नकाशाशी ताडून पाहावे. क्षेत्र कमी केलेले आहे का, हक्क ग्रामसभेच्याच नावे आहे का, कायद्यात नसलेल्या अटी घातल्या आहेत का, हे तपासून आक्षेप तत्काळ लेखी नोंदवावा.

हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने वनव्यवस्थापनासाठी समिती नेमावी, स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि संवर्धन व व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा. बांबू कुठल्या भागात, किती आणि कोणत्या वर्षी तोडायचा, कोणता भाग विश्रांतीसाठी राखायचा, हे त्या आराखड्यात नेमके लिहावे. विक्रीपूर्वी दर ग्रामसभेत ठरवावा, प्रत्येक मजुराच्या कामाची नोंद हजेरीपटावर घ्यावी आणि जमा-खर्चाची वही प्रत्येक सभेत मोठ्याने वाचून तीवर उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात.