मायक्रोकंट्रोलरचा टायमर लावताना या चुका टाळा

सबमिशन जवळ आलं की प्रश्न ठरलेला: "कोड कंपाइल होतोय, पण इंटरप्ट येत नाही." (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून ठरलेलं फंक्शन चालवायला लावणारा इशारा.) आणि कोड कुठून तरी उचललेला, डेटाशीट न उघडलेली.

बीडकडच्या डिप्लोमाच्या पोरांनी ठिबकचे व्हॉल्व आळीपाळीने चालवणारा कंट्रोलर केला. आर्डुइनो उनो, टायमर १, सेकंदाला एक इंटरप्ट. रिले काही हलेना. आधी रिले मॉड्यूल बदललं, मग सप्लाय, शेवटी बोर्ड. चूक एका ओळीत होती: टीसीसीआर१बी या टायमरच्या सेटिंगच्या रजिस्टरमध्ये `|=` (ऑर, म्हणजे आधीचे १ तसेच ठेवून नवे १ करणं) वापरून डब्ल्यूजीएम१२ (मोडचा बिट), सीएस१२ आणि सीएस१० (क्लॉक निवडायचे बिट) टाकले होते.

टायमर १ कोरा मिळत नाही. तुमचं सेटअप सुरू व्हायच्या आधीच आर्डुइनोने तो पीडब्ल्यूएमसाठी (पिन भराभर चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज कमी-जास्त करणं) लावलेला असतो. सीएस११, सीएस१० आणि डब्ल्यूजीएम१० हे बिट १ असतात. त्यावर ऑर केलं की तिन्ही सीएस बिट १ होतात, म्हणजे "क्लॉक बाहेरून, ५ नंबरच्या पिनवरून घे". पिनला काहीच जोडलेलं नाही, मग मोजणार काय? शिवाय डब्ल्यूजीएम१० शिल्लक राहिल्याने सीटीसीऐवजी (आपण दिलेल्या आकड्यापर्यंत मोजून शून्यावर येणारा मोड) ८ बिटचा फास्ट पीडब्ल्यूएम लागतो. मोजणी २५५ वरून परत शून्यावर, एका सेकंदासाठी लागणारा १५६२४ हा आकडा (हिशोब खाली) कधीच येत नाही.

म्हणून क्रम पाळा. इंटरप्ट बंद करा. टीसीसीआर१ए, टीसीसीआर१बी आणि टीसीएनटी१ (चालू मोजणी) शून्य करा. मग ओसीआर१ए (कुठवर मोजायचं तो आकडा), मग सीटीसी मोड. आकडा गाठल्याचा जुना फ्लॅग ओसीएफ१ए मध्ये १ लिहून पुसा (हो, १ लिहूनच), इंटरप्टचा बिट लावा. प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) सगळ्यात शेवटी, कारण टायमर त्यानेच सुटतो. मग बंद केलेले इंटरप्ट परत चालू करा.

उनोचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, भागिले प्रीस्केलर १०२४ म्हणजे १५६२५. ओसीआर१ए मध्ये लिहायचे १५६२४, कारण मोजणी शून्यापासून. एक वजा करायचा राहिला तर दिवसाला साडेपाच सेकंद जातात. तसंही पाण्याची वेळ घड्याळाप्रमाणे पाळायची तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा. उनोचा रेझोनेटर (क्लॉक देणारा भाग) त्या कामाचा नाही.

आयएसआरमध्ये (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) सीरियल प्रिंट नको, डिले तर मुळीच नको. आयएसआर बदलतं आणि लूपमध्ये वाचायचं ते व्हेरिएबल व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचलं जाणारं) हवं. ते एका बाइटपेक्षा मोठं असेल तर वाचताना इंटरप्ट क्षणभर थांबवा. टायमर ० ला हात लावू नका, वेळ सांगणारं मिलिस फंक्शन त्यावर चालतं. उनोवर सर्वो लायब्ररी टायमर १ घेते, टोन टायमर २.

सुटी एटीमेगा३२८पी (उनोवरचीच चिप) वापरणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. नवी चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे सेकंदाचे सोळा सेकंद होतात. मग ओसीआर१ए अंदाजाने कमी करत बसतात. असलं ठोकून बसवणं बंद करा, फ्यूज (क्लॉक कुठून घ्यायचं वगैरे ठरवणारे चिपमधले सेटिंगचे बिट) बघा. मात्र क्रिस्टल न जोडता क्रिस्टलचा फ्यूज लावलात तर प्रोग्रामरलाही चिप सापडणार नाही.

शंका असेल तर प्रीस्केलर ६४ आणि ओसीआर१ए २४९ ठेवून आयएसआरमध्ये एक पिन उलटसुलट करा, मल्टिमीटर हर्ट्झवर लावा. ५०० दिसले तर टायमर बरोबर आहे, बिघाड पुढे शोधा. ३१ च्या आसपास दिसले तर चिप १ मेगाहर्ट्झवरच आहे.