२०९ काढून मस्केट केप बसवताना: या चुका टाळा

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ठासणीच्या बंदुकीचा शिकारीचा वेगळा हंगाम असतो आणि त्यात २०९ प्रायमर (ठोका बसताच ज्योत देऊन दारू पेटवणारी धातूची छोटी डबी) चालत नाही. चकमक, पर्कशन केप किंवा मस्केट केप (ठोक्याने पेटणाऱ्या, बाहेरून बसवायच्या धातूच्या टोप्या) एवढंच चालतं, आणि घोडा ताणलेला असताना केपचा काही भाग तरी बाहेरून दिसायला हवा. दुकानातल्या बहुतेक आधुनिक इनलाइन रायफली (ज्यांत ज्योत नळीच्या सरळ मागून दारूत जाते) मात्र २०९ साठीच बनलेल्या असतात. मग लोक निपल, म्हणजे केप बसवायची पोकळ खुंटी, आणतात, फिरवून बसवतात आणि काम झालं असं धरून चालतात.

काम झालेलं नसतं. २०९ हा मुळात शॉटगनच्या काडतुसाचा प्रायमर. त्याची ज्योत केपच्या ज्योतीपेक्षा खूप मोठी आणि गरम असते. नळीतलं तेल, न जुळणारी दारू हे सगळं त्या जोरावर निभावून जातं. केपवर यातलं काहीच निभावत नाही.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोन अटींपैकी एकच पाळणं. मधून मोडून उघडणाऱ्या रायफलीत नळी बंद केली की केप पूर्ण झाकली जाते. म्हणजे केप नियमातली, पण दिसत नाही. बंदूक तरीही बेकायदा. यावर ग्राइंडर घेऊन फ्रेमला खाच पाडू नका. मागे येणारा वायू आणि केपचे तुकडे तुमच्या तोंडापासून अडवण्याचं काम तेच धातू करतं. सीव्हीए आणि ट्रॅडिशन्स या कंपन्यांनी ‘नॉर्थवेस्ट’ नावाची मॉडेल खास या भागातल्या नियमांसाठी काढली. त्यांत केपजवळची जागा कारखान्यातच उघडी ठेवलेली असते. जुन्या पद्धतीच्या, मागे ओढायच्या स्ट्रायकरच्या (केपवर आदळणाऱ्या दांड्याच्या) उघड्या रायफली असतील, तर त्याच मॉडेलसाठी कंपनीने बनवलेला मस्केट केपचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं बूच, बहुधा पुरतो.

निपलचे आटे हा याहून धोक्याचा विषय. अमेरिकी बनावटीत बऱ्याचदा १/४-२८ आटे (पाव इंच व्यास, इंचाला २८ आटे) असतात, युरोपी बंदुकांत ६ बाय १ किंवा ६ बाय ०.७५ मिलिमीटर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६ मिलिमीटरचा निपल त्या भोकात सैलसर जातो, थोडा अडतोही, म्हणून बसल्यासारखा वाटतो. बार उडताना तो मागे, थेट चेहऱ्याकडे सुटू शकतो. मॅन्युअलमधला आकडा पाहा. निपल शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. पान्याचा जोर फक्त शेवटच्या आवळणीला. आट्यांना न जाम होणारं ग्रीस लावा, पण पुढच्या तोंडाला लागू देऊ नका.

दारूच्या बाबतीत लोक डब्यावरचं वाचतच नाहीत. ब्लॅकहॉर्न २०९ या दारूच्या नावातच उत्तर आहे: ती केपने भरवशाने पेटत नाही. दाबून केलेल्या गोळ्यांची, म्हणजे पेलेटची दारू आयडाहोत नियमानेच बाद. उरते सुटी दारू. केपसाठी खरी काळी दारू सर्वांत सोपी, कारण ती कमी उष्णतेला पेटते. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन या तिच्याऐवजी वापरायच्या दारूंना जास्त उष्णता लागते. ट्रिपल सेव्हन वापरायची असेल, तर काळ्या दारूच्या मापापेक्षा आकारमानाने १५ टक्के कमी घ्या. ९० ग्रेनच्या जागी साधारण ७६. हे ग्रेन (दारू मोजायचं एकक) मापट्याचे, तराजूचे नव्हेत. पेटायला मदत म्हणून तळाशी दुसरी दारू घालू नका.

आता केप. कोकणात शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीला लावतात ती छोटी केप आणि अमेरिकेतली नंबर ११ एकाच कुळातल्या. मस्केट केप आकाराने मोठी, टोपीसारख्या काठाची आणि जास्त जोराची, म्हणून इनलाइनला तीच बरी. पहिल्या ठोक्याला केप फुटली नाही आणि दुसऱ्याला फुटली, तर दोष केपचा नसतो. ती निपलवर पुरती बसलेली नसते; पहिला ठोका तिला खाली ढकलण्यातच खर्ची पडतो. लाकडी दांडीने दाबून बसवा. केपचे तुकडे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चश्मा हवाच.

बार भरण्याआधी वाट मोकळी आहे का, ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. साठवणीचं तेल उतरून ज्योतीच्या भोकात बसतं. नळी आणि निपल अल्कोहोलने पुसा, तारेने भोक साफ करा. मग नळी रिकामी असल्याची खात्री करून सुकी चिंधी गजाने तळाशी टेकवा, हात बाजूला घ्या, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून केप फोडा. चिंधीच्या मधोमध करपलेला काळा ठिपका आला, तर ज्योत पोचते आहे. ओला करडा डाग आला, तर पुन्हा पुसा, पुन्हा केप फोडा.

गोळीही बदलते. सॅबो, म्हणजे गोळीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, आयडाहोत बाद. अनेक इनलाइन नळ्यांच्या आतल्या खाचांचा पीळ २८ इंचांत एक वेढा एवढा असतो. अशा नळीतून कापडात गुंडाळलेली गोल गोळी नीट जात नाही. नळीच्या मापाची लांबट शिशाची गोळी घ्या. ती चालताना पुढे सरकू शकते आणि दारूपासून अंतर पडलं की नळी फुगते. गजावर दोन खुणा करा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची, आणि दिवसभरात दोन-तीनदा ताडून पाहा.

हा सगळा आयडाहोचा हिशेब. कोलोराडोत २०९ चालतो, पण पेलेट आणि सॅबो तिथेही नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या नाताळानंतरच्या हंगामात तर फक्त चकमकीची बंदूक. तिथे इनलाइन बदलून भागत नाही. दर वर्षीची नियमपुस्तिका त्या हंगामाच्या पानापर्यंत वाचा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा यातलं काहीही तिकडे लागू करू नका.

थंडीत भरलेली रायफल गरम खोलीत नेली की धातूवर दव धरतं आणि ते दारूपर्यंत जातं. केप काढा, निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा हलकेच टेकवा आणि रायफल बाहेरच्या थंडीतच, कुलपात ठेवा.

इतकं करूनही बार उडाला नाही, तर नळी समोरच रोखून किमान एक मिनिट थांबा. उशिराने उडणारा बार याच वेळात उडतो. मग नवी केप. तीही वाया गेली, तर निपलचं भोक तारेने टोचून आणखी एक. तरीही नाही, तर केप काढून टाका आणि कार्बन डायऑक्साइडच्या डिस्चार्जरने दारू-गोळी पुढून बाहेर ढकला. भरलेल्या नळीचा ब्रीच प्लग मात्र खोलायला जाऊ नका.