सोलापूरहून मुंबईला: मुक्काम कल्याण-ठाण्यात, फिरणं लोकलनं

मुंबईत दोन-चार दिवसांचं काम निघालं की सोलापुरातली मंडळी दादर नाहीतर सीएसएमटीच्या आसपास लॉज शोधायला लागतात. तिथं खोली मिळते ती लहान, आणि भाडं ऐकून निम्मा उत्साह जातो. खरं तर मुंबईकराला लांब वाटणारं कल्याण आपल्याला मुंबईच्या आधीच लागतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेस काय, वंदे भारत काय, दोन्ही कल्याणला थांबतात. तिथंच उतरून मुक्काम टाकला आणि शहरात ये-जा लोकलनं केली, तर त्याच पैशात बरी खोली मिळते. मात्र जागा आणि वेळ नीट निवडली पाहिजे, नाहीतर वाचलेले पैसे रिक्षात आणि मनस्तापात जातात.

लॉज आधी नाही, स्टेशन आधी

आधी स्टेशन ठरवा. जलद लोकल थांबते का, हा पहिला प्रश्न. कल्याण, डोंबिवली आणि ठाणे इथं थांबते. कल्याण ते सीएसएमटी अंतर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकलला साधारण सव्वा तास लागतो, धीमीला दीड तास. ठाण्याहून जलदनं पाऊण तासात पोचता येतं, पण ठाण्यात खोली महाग. एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यांनी पनवेलचा विचार करावा. द्रुतगती मार्गानं येणाऱ्या बसला ते वाटेवरच आहे. पण पनवेलच्या हार्बर मार्गावरच्या लोकल प्रत्येक स्टेशन घेत जातात, त्यामुळे पनवेल ते सीएसएमटी सव्वा तासाच्या वरच धरा.

दुसरा प्रश्न: लॉजपासून स्टेशन चालत किती मिनिटं? जाहिरातीतल्या ‘स्टेशनजवळ’वर विसंबू नका. नकाशात चालण्याचा रस्ता टाकून बघा आणि दहा मिनिटांच्या वर असेल तर सोडा. पत्त्यात पूर्व की पश्चिम तेही पाहा. स्टेशनच्या दोन बाजू म्हणजे जवळजवळ दोन गावं असतात, आणि बॅगा घेऊन पूल चढायचा म्हणजे घाम निघतो. शिळफाटा किंवा भिवंडीच्या रस्त्यावरची स्वस्त हॉटेलं गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी ठीक, लोकलनं फिरणाऱ्यांच्या कामाची नाहीत.

तिकीट कल्याणचंच काढा

सिद्धेश्वर कल्याणला पहाटे पोचते आणि लॉजवाले दुपारी बाराचा चेक-इन सांगतात. म्हणून बुकिंगआधी फोन करून विचारा, ‘पहाटे पाचला खोली देणार का, आणि जादा किती?’ काही ठिकाणी अर्ध्या दिवसाचं भाडं घेतात, काही ठिकाणी नुसत्या बॅगा ठेवू देतात. वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमाराला सुटते आणि साडेअकराच्या आसपास कल्याणला लागते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हीच सोयीची, कारण तोवर खोलीही तयार असते आणि लोकलची गर्दीही ओसरलेली असते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं बघून घ्या. मूळ आधार कार्ड सगळ्यांचं जवळ ठेवा. फोनमधला फोटो काही लॉजवाले मान्य करत नाहीत.

कधी निघायचं

सगळा खेळ वेळेचा आहे. सकाळी आठ ते अकरा अख्खं उपनगर सीएसएमटीकडे निघालेलं असतं, संध्याकाळी साडेपाच ते नऊ परत येत असतं. तुम्ही अकरानंतर जा आणि एक तर चारच्या आत परता, नाहीतर जेवण वगैरे उरकून नऊनंतर. रविवारी गर्दी कमी, पण देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. बहुधा अकरा ते चार या वेळेत जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात किंवा उशिरानं धावतात. आदल्या दिवशी बातम्यांत वेळापत्रक येतं. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की शीव-कुर्ल्याच्या सखल भागात रुळांवर पाणी साठतं. तसा इशारा असेल त्या दिवशी शहरात जाऊच नका. रात्री साधारण एक ते चार लोकल नसते.

तिकीट आणि इंडिकेटर

द्वितीय श्रेणीचं किमान भाडं ५ रुपये. रेल्वेच्या ‘रेलवन’ ॲपवरून तिकीट काढायचं तर लॉजवरून निघतानाच काढा, कारण फलाटावर उभं राहून ते निघत नाही. तासाभरात गाडीत बसलं पाहिजे. तिकिटाचा स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपमध्येच दाखवावं लागतं, तेव्हा फोनला चार्जिंग हवं. एसी लोकलचं तिकीट वेगळं असतं. डब्यावर तिरपे पट्टे दिसले तर थांबून वाचा. तो प्रथम श्रेणीचा किंवा महिलांचा असतो. गर्दी कमी दिसली म्हणून प्रथम श्रेणीत शिरलेला पाहुणा तपासनीसाला लांबून ओळखू येतो, आणि दंड २५० रुपयांपासून पुढे.

फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठं जाणार त्याचं अक्षर, वेळ आणि प्रकार येतो. प्रकाराच्या जागी इंग्रजी ‘एफ’ म्हणजे जलद, ‘एस’ म्हणजे धीमी. घोळ असा की कर्जत गाडीचं अक्षरही ‘एस’च आहे, आणि कसाऱ्याचं ‘एन’. म्हणून घोषणा ऐका. परतताना कल्याणला उतरणाऱ्यांना कर्जत, कसारा, बदलापूर, अंबरनाथ यांपैकी कुठलीही गाडी चालते. तरीही कल्याणलाच संपणारी मिळाली तर ती घ्या. गर्दी थोडी कमी, आणि शेवटचं स्टेशन असल्यानं उतरण्यासाठी झटापट नाही.

चढण्या-उतरण्याला अर्धा मिनिटही मिळत नाही. उतरायचं स्टेशन यायच्या आधी, एक थांबा राहिला असतानाच दाराकडे सरका आणि फलाट कुठल्या बाजूला येणार ते शेजाऱ्याला विचारा. सांगतात, अगदी तोंड न वळवता का होईना, पण सांगतात. स्टेशन हुकलं तर उडी मारू नका. पुढं उतरून पुलावरून पलीकडे जा आणि उलटी गाडी पकडा. घरातली चार माणसं असतील तर आधीच ठरवून ठेवा: कुणी मागे राहिलं तर चढलेल्यांनी पुढच्या थांब्यावर उतरून तिथंच थांबायचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पोती नातेवाइकांकडे पोचवायची असतील तर ती गर्दीच्या वेळी नेऊ नका, इतकंच.

पुढची वाट

परळच्या टाटा किंवा केईएम रुग्णालयात जायचं तर जलदनं दादरला उतरा आणि धीमी पकडून पुढच्याच परळला उतरा. जलद गाड्या परळला थांबत नाहीत. एखाद्या दिवशी फाइल दाखवायला जाणं असं जमतं. पण रोज सकाळी आठला नंबर लावायचा असेल किंवा केमो चालू असेल, तर कल्याणचा मुक्काम नको. महाग पडलं तरी परळ-दादरलाच राहा.

पश्चिम रेल्वेसाठी दादरला बदला. तिथं फलाटांचे क्रमांक आता सलग आहेत, १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. अंधेरीला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ घ्या, दादरपर्यंत जाण्याचं कारण नाही. नवी मुंबईसाठी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल. मंत्रालयाचं काम असेल तर सीएसएमटीहून भुयारी मेट्रो ३ नं विधान भवन स्टेशन गाठा. तीच मेट्रो सिद्धिविनायकालाही जाते. शीव आणि वांद्र्याच्या पुढे दक्षिणेत रिक्षा चालत नाहीत, टॅक्सी घ्यावी लागते.

परतीचं तिकीट

ही चूक बरेचजण करतात: तिकीट सीएसएमटीपासूनचं काढतात आणि कल्याणला चढायला जातात. सीएसएमटीला तुम्ही दिसला नाहीत तर टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून तिकीट काढतानाच ‘बोर्डिंग’, म्हणजे चढण्याचं स्टेशन, कल्याण टाका. सिद्धेश्वर रात्री साडेदहानंतर सीएसएमटीहून सुटते आणि तासाभरात कल्याणला येते. थांबा काही मिनिटांचाच असतो, तेव्हा डबा कुठं लागणार ते फलाटावरच्या पाटीवर बघून आधीच तिथं बॅगा घेऊन उभे राहा. हमालाला किंवा चहावाल्याला विचारलं तरी नेमकी जागा कळते.